मागची गाडी रिकामी आहे

पेण-रोहा रूटवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. दिवसभर माणसं चढतात, उतरतात आणि काही ना काही गाडीतच विसरून जातात. छत्र्या आम्ही डेपोत जमा केल्या. किस्से मात्र घरी आणले.

त्या काळी या रूटवर गाड्याच एवढ्या, की वेळापत्रक कुणी बघायचंच नाही. एक गेली की दुसरी. त्यामुळे आम्हा कंडक्टर मंडळींचं एक ठरलेलं वाक्य होतं. गाडी भरली की दारात हात आडवा धरायचा आणि म्हणायचं, "मागची गाडी रिकामी आहे!"

मागची कधीच रिकामी नसायची. तिचा कंडक्टरही हेच म्हणायचा.

हे वाक्य सगळ्यात सुरेख म्हणायचा आमचा भास्कर. इतक्या खात्रीने, की माणूस आभार मानून मागे सरायचा. बिचाऱ्याचं लग्न तेवढं जमत नव्हतं. ड्युटीचा नेम नाही म्हणून मुली नकार द्यायच्या. आई रोज डबा हातात देताना म्हणायची, "डोळे मिटायच्या आधी एक सून दाखव रे." तो डबा त्याला जड जायचा.

* * *

गडबच्या स्टॉपवर एक आजोबा होते. एकदा मी त्यांच्यापुढे हात आडवा धरला आणि वाक्य टाकलं.

आजोबा म्हणाले, "अवो, पुढचा म्हनला मागची रिकामी हाय. मागची म्हंजे तुमीच ना?"

मी म्हटलं, "माझ्या मागची, आजोबा."

"असं मागं मागं जायाचं तर मी पेनला पोचंन की! मला जायाचंय रोह्याला."

घेतलं त्यांना आत. दुसरं काय करणार?

* * *

गणपतीच्या दिवसांत पेणहून मूर्ती निघायच्या. एक गृहस्थ तोंडावर रुमाल टाकलेली मूर्ती घेऊन चढले. म्हणाले, "मी उभा राहतो, देवाला बसवा."

खिडकीपाशी बसलेले एक काका ताबडतोब उठले. मूर्ती बसवली, नमस्कार केला. मग हळूच विचारलं, "उतरणार कुठे?"

"कोण, मी?"

"तुम्ही नाय हो. देव! नागोठण्याला उतरणार असतील तर मी इथंच उभा राहतो."

* * *

भास्करच्या गाडीचे ड्रायव्हर नाना. रस्त्याला लागूनच एका शाळेतल्या बाईंचं घर. त्या रोज नानांच्याच गाडीने शाळेत जायच्या. दार बंद दिसलं की नाना हॉर्न द्यायचे. एकदा बाईंची आई ओट्यावर येऊन ओरडली, "थांबा हो, वेणी घालत्येय!"

नानांनी विचारलं, "एक की दोन?"

"दोन!"

नानांनी इंजिन बंद केलं.

* * *

सुकटीची टोपली घेऊन खाडीकडच्या जानकीमावशी चढल्या की भरलेल्या गाडीतही जागा व्हायची. एकदा एका नव्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मावशी शेजारणीला म्हणाल्या, "बस गो, साहेब उठतायत."

साहेब उठायच्या विचारात नव्हते. पण उठले.

* * *

आता भास्करचं. एकदाचं एक स्थळ आलं, गडबचं. मुलीचं नाव सुमन. भास्करच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून मुलीकडचीच मंडळी रोह्याला घरी येणार होती. भास्करने सकाळची एकच फेरी घेतली, म्हणजे वेळेत घरी पोचून कपडे बदलता येतील.

गडबला गाडी गच्च. स्टॉपवर एक गृहस्थ, सोबत बायको आणि मुलगी. भास्करने हात आडवा धरला. "मागची गाडी रिकामी आहे! पाय पसरून बसा!"

गृहस्थांनी आभारही मानले.

मागची गाडी माझी होती. तीही गच्च, आणि त्या दिवशी तिच्या मागच्याही सगळ्या.

पाहुणे पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती, पोह्यांचा दगड झाला होता. इस्त्रीचा शर्ट घालून भास्कर पाणी घेऊन आला. सुमनच्या वडिलांनी तांब्या घेतला, वर बघितलं.

"सकाळचे तुम्हीच व्हय?"

"हो."

"कळवतो," म्हणाले आणि निघाले.

निरोप येईना. आईने बोलणं टाकलं. मला तर त्याच्याकडे बघवत नव्हतं. भास्करने ते वाक्य सोडलं ते सोडलंच! हात दाखवेल त्याला आत कोंबायचा. शेवटी नाना वैतागले. "अरे, लग्न तुझं मोडलं, माझ्या गाडीच्या स्प्रिंगा का मोडतोस?"

* * *

आणि मग तो दिवस. गडबला गाडी पुन्हा गच्च, पायरीवरसुद्धा माणसं. स्टॉपवर सुमन एकटीच, नागोठण्याच्या बाजाराला निघालेली. भास्कर खाली उतरला.

"चढा," म्हणाला.

"जागा कुठं हाय?"

"माझी आहे. तिथे बसा."

पायरीवरची माणसं बाजूला सारून त्याने तिला आत घातलं. ती कंडक्टरच्या सीटवर बसली. डोक्यावर घंटीची दोरी होती. भास्कर अजून रस्त्यावरच. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि दोरी दोनदा ओढली.

दोन घंट्या म्हणजे चला. नाना निघाले.

तिकिटांची पेटी छातीशी धरून भास्कर रस्त्यात उभा. मागून मी आलो, नेहमीसारखी भरलेली गाडी घेऊन. सवयीने हात आडवा धरून मी म्हटलं, "मागची गाडी..."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी हात काढला.

नागोठण्याला पोचलो तर नानांच्या गाडीभोवती ही गर्दी! कंट्रोलर लालबुंद. सुमन कंडक्टरच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन शांत बसलेली. भास्कर गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला. पुढे व्हायची छाती होईना.

कंट्रोलर ओरडला, "अहो, ह्या गाडीचा कंडक्टर कुठे आहे?"

"येतील की," ती म्हणाली. "मागची गाडी रिकामी हाय."

"आणि तुम्ही हो कोण त्यांच्या?"

सुमनने गर्दीतून भास्करला बरोबर हुडकलं.

"अजून कोण नाय," ती म्हणाली. "वैशाखात बघू."