साडूंची अकरावी शिफारस

नेतृत्व या विषयाचा एवढा अभ्यास केलेला, आणि चार माणसं एका दिशेनं नेणं अजिबात न जमणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझा साडू. मी अकोल्याचा, ते अमरावतीचे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. परतवाड्याच्या पुढं एका खेड्यात ते अठरा वर्षं मास्तर होते. सकाळी एसटीनं जायचे, अंधार पडल्यावर परतायचे. एवढ्यावर माणसानं गप बसावं की नाही? पण चाळिशी उलटल्यावर यांनी पीएचडीला नाव घातलं. विषय काय, तर 'प्राथमिक शाळांतील मुख्याध्यापकांचे नेतृत्व'. त्या दिवसापासून आम्ही नातेवाईक उरलो नाही, नमुने झालो.

त्यांची प्रश्नावली खरं तर मुख्याध्यापकांसाठी. पण ती आधी कोणावर तरी तपासून पाहावी लागते म्हणे. ती त्यांनी माझ्यावर तपासली, माझ्या आईवर तपासली, दाढी करता करता न्हाव्यावर तपासली. परतवाड्याच्या बसमधल्या कंडक्टरनं तर अर्धी भरली आणि उरलेली मागच्या सीटवरच्या म्हातारीकडून भरून घेतली. प्रत्येक प्रश्नाला पूर्णतः सहमत, सहमत, अनिश्चित वगैरे पाच ठरीव उत्तरं. हळूहळू ती उत्तरं साडूंच्या जिभेवरच बसली. आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा बायकोनं विचारलं, "वांग्याची भाजी तिखट झाली काय हो?" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय, कान लाल झालेत, आणि गृहस्थ म्हणतात, "अनिश्चित." पुरणपोळीवर तूप वाढायला घेतलं तेव्हा मात्र लगेच "पूर्णतः सहमत" झाले.

नेतृत्व नुसतं पुस्तकात राहू नये म्हणून ते आमच्यावर करूनही बघायचे. एकदा आम्ही आठ जण जीप करून मोझरीला दर्शनाला निघालो. यांनी निघण्याआधी समित्या नेमल्या. मला चप्पल समितीचा अध्यक्ष केलं; समितीत दुसरं कोणी नव्हतं. वाटेत चहाची तल्लफ आली. "नेता लोकशाहीवाला पायजे," असं म्हणत त्यांनी मतदान घेतलं. इथंच थांबायचं की पुढं? चार विरुद्ध चार. मग ड्रायव्हरचं मत धरायचं का, यावर चर्चा सुरू झाली आणि ती संपायच्या आत मोझरी आली. येताना मेहुणीनं, म्हणजे साडूंच्याच बायकोनं, कोणालाही न विचारता जीप थांबवली आणि सगळ्यांना चहा पाजला. साडू कौतुकानं वहीत टिपून घेत होते.

तर असा हा माणूस एकदाचा डॉक्टर झाला, आणि पाठोपाठ मुख्याध्यापकपदाची बढती आली. मेहुणीचं एकच मागणं होतं. "अठरा वर्षं संध्याकाळ एकटीनं काढली, भाऊजी. आता अमरावतीच्या शिवेवरची शाळा घ्या म्हणा, अन् दिवस बुडायच्या आत घरी या." मुख्याध्यापकाची जागा रिकामी असलेल्या शाळांची यादी जिल्हा परिषदेत लागणार होती, आणि ज्येष्ठतेनं एकेकाला बोलावून त्याची त्याला निवडायला सांगणार होते. त्या दिवशी तिनं मला अकोल्याहून मुद्दाम बोलावून घेतलं. "तुमी संग जा. नजर ठेवा त्यायच्यावर."

गेलो. यादीत शिवेवरची शाळा होती, अगदी वरच! मी साडूंना कोपरानं ढोसलं. पण त्यांची नजर यादीच्या तळाशी. तिथं धारणीच्याही पुढची, जंगलातली एक शाळा होती, जिथून रोज घरी परतणं शक्यच नव्हतं आणि जिथं कित्येक वर्षांत कोणी मुख्याध्यापक जायला तयार झाला नव्हता.

"मास्तर, वरची घ्या ना," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"साडूभाऊ, प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात अकरावी शिफारस काय केली मी, मालूम हाये? अनुभवी माणसानं आपल्या मनानं दूरची शाळा घ्यावी."

"अहो, शिफारशी कोण वाचतं?"

"मी वाचतो ना," ते म्हणाले.

आणि पुढं होऊन धारणीकडच्या शाळेचं नाव सांगून मोकळे झाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. हलला तो परतताना ऑटोत. "तिले तुमीच सांगा," म्हणाले. "काहून? शिफारस तुमची अन् बोलणी मी खाऊ?" मी चिडलोच होतो. पण घर आलं तसे ते पायरीवरच थांबले, आणि शेवटी आत जाऊन मलाच सांगावं लागलं.

मेहुणी तुरीची डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तो सारा प्रबंध मीच टाइप केला. अकराव्या शिफारशीपाशी आले, तवाच समजलं. हा माणूस नुसतं लिहून बसणार नाई."

"मग मला कशाला संग धाडलं?"

"वाटलं, तुमी तरी थांबवान."

तिनं पदरानं डोळे टिपले, उठली, आणि स्टूल ओढून माळ्यावरची जाड गादी काढायला लागली. "तिकडं थंडी लय राह्यते," एवढंच बोलली. या माणसाची मी इतकी वर्षं मनसोक्त थट्टा केली होती. त्या वेळी मात्र स्वतःचीच लाज वाटली. मी गादीचं दुसरं टोक धरलं. साडू अजून बाहेरच होते, आत यायची छाती होत नव्हती.

"या ना आत," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "हेडमास्तर असे दाराबाहेर उभे राह्यतेत काय?"