जोत्यातली माती

चपला दाराबाहेर काढून तो घरात शिरायचा, अनवाणी पाऊल फरशीवर ठेवायचा आणि घरमालकाच्या तोंडाकडे बघून म्हणायचा, "घर सांगतंय एक, तुमी सांगताय एक."

कोपरगावात ओल काढणारा गवंडी म्हणून त्याचं नाव होतं आणि तोंडाळ म्हणून त्याहून मोठं. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यालाही मी आवडलो नाही.

पाटाला पाणी सुटलं की आमच्या खालच्या खोलीत फरशीला घाम फुटायचा, भिंतीवर हातभर खार चढायचा. आईची खाट तिथंच होती. तिला दमा. थंडीत ती जमिनीला पाय टेकवायला भ्यायची.

जोत्यात काय भरलंय, असं त्यानं मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा मुरूम सांगितलं. खरं तर वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला होता, मुरमाची ट्रॉली काही येईना, म्हणून मी शेतातली काळी माती लोटून वर फरशी बसवून घेतली होती. काळी माती पाणी धरून ठेवते हे शेंबडं पोरही सांगेल. मुरूमच भर, असं आईनं बजावलं होतं. तिच्याशीही मी खोटंच बोललो होतो.

माझ्या शब्दावर विसंबून त्यानं घराभोवती चर खणला, खडी भरली, भिंतींना नवा गिलावा केला. दोन महिन्यांत ओल परत आली. तो सगळा हिवाळा आईनं उशीला टेकून, बसून खोकत काढला. मी मात्र, शाळेतला मास्तर असून, चौकात चारचौघांदेखत त्याला लबाड म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो पहार घेऊन आला आणि मला न विचारता फरशी उचकटली. खालचा काळा चिखल मूठभर काढून त्यानं माझ्या हातावर ठेवला.

"चला सर, चौकात दावू लोकांना," तो हळू आवाजात म्हणाला. त्या माणसाचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

ओल परतल्यावर आईची खाट पलीकडच्या खोलीत हलवली होती. तेवढ्यात तिथून तिनं विचारलं, काय निघालं रे बाबा?

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "काय न्हाई मावशी. माझाच अंदाज चुकला हुता."

सगळी माती उपसून त्यानं दगड भरले, मुरूम ठोकला, जाड प्लास्टिक अंथरून वर कोबा केला. आठवडाभर राबला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही की माझ्या हातचा चहा घेतला नाही.

यंदा तो गेला. दहाव्याला मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. घरी आलो तेव्हा आई कोरड्या जमिनीवर पाय पसरून शेंगा निवडत बसली होती.

"भला मानूस हुता," ती म्हणाली. "पर पैलं काम चुकलंच त्याचं. व्हय ना रे?"

मी हो म्हणालो.