श्रीशैलआप्पांच्या नळाला पाणी का येत नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तरी कथन रीतसरच करतो — दुसऱ्या रीतीने मला लिहिता येत नाही.

कसूर करणारा — मी, दत्तात्रय, शिक्षण नववीपर्यंत, धंदा कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणे. ज्याचा घात झाला तो — श्रीशैलआप्पा, माझा शेजारी, टॉवेलच्या कारखान्यात कामाला, मूळ गाव वळसंग. ठिकाण — सोलापूर, आमची गल्ली, जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. वेळ — संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतली एक दुपार. साक्षीदार — कोणी नाही.

आप्पांनी आणि मी जागा शेजारी-शेजारी घेतल्या, घरे एका वर्षात बांधली, नळही मिळून घेतला. रस्त्यावरून येणारा पाईप आधी माझ्या अंगणात येतो, तिथे त्याला दोन फाटे फुटतात, एक माझ्या हौदाला, दुसरा भिंतीपलीकडे आप्पांकडे. आपला नळ दुसऱ्याच्या अंगणातून आणायला माणूस तयार केव्हा होतो? तुम्हीच सांगा. गल्लीत लोक आम्हाला हसायचे — "भाऊभाऊ बी असं करत न्हाईत!" आप्पा म्हणायचे, "भाऊ न्हाय म्हणूनच केलंय."

माझ्या मनात अढी कशाने पडली, तेही लिहितो. समर्थन म्हणून नव्हे — क्रम चुकू नये म्हणून.

आप्पांच्या मुलीच्या दाखल्याचे काम होते. आजवर त्यांच्या घरचा एकही अर्ज माझ्या हाताशिवाय कचेरीत गेला नव्हता. त्या दिवशी मी लिंबाखाली बसलेलो असताना आप्पा माझ्या समोरून गेले आणि पलीकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. अर्ज छापून घेऊन बाहेर आले. माझ्याजवळ थांबलेही. म्हणाले, "दत्तू, साहेब लोकाला हाताचं वाचाय कटाळा येतोय बग. हितं छापून देत्यात, लई झ्याक." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. हे मला तेव्हाही कळत होते — आणि तरी शेजारी बसलेला पानवाला हसला, तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. ज्याने माझ्या अक्षरावर एवढी वर्षे विश्वास ठेवला, त्याने मला चारचौघांत मोडीत काढले, असे मी मनाशी धरले. विश्वासघात हा शब्द मी लोकांच्या अर्जांत शेकडो वेळा लिहिला असेन. तो आपल्याला लागू पडतो असे वाटले, की माणूस किती ताठ होतो!

यात्रेच्या दुपारी आप्पांच्या घरचे सगळे होम मैदानावर यात्रा बघायला गेले होते. मी माझ्या अंगणात पाना घेऊन बसलो. आप्पांच्या फाट्यावरचा जोड उघडला. जुन्या टायरच्या रबराची एक चकती कापली, तिला मध्ये खिळ्याने भोक पाडले, ती जोडात बसवली आणि जोड परत आवळला. वर फरशी ओढली. एवढेच. ह्याला किती वेळ लागतो? चहा उकळायला लागतो तेवढा.

मनात होते की पाण्याची एक पाळी जाऊ द्यावी. आप्पा येतील, म्हणतील दत्तू, काहीतरी लिही बाबा. मग चकती काढू.

आप्पा आले. अगदी तसेच म्हणाले. मी अर्ज लिहिला — आणि चकती काढली नाही. का नाही काढली? त्या दिवशी ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते आणि मी सांगत होतो, ते मान डोलवत होते. मला ते हवे होते. पुढच्या पाळीलाही हवे झाले.

उन्हाळा लागला. आप्पांच्या नळाला करंगळीएवढी धार. बादली भरेतो पाणी जायचे. मी अर्जांवर अर्ज लिहिले — पाणीपुरवठ्याला, नगरसेवकाला, वरच्या साहेबांना. कचेरीची माणसे आली, रस्त्यावरची लाईन तपासून "दाब बरोबर आहे" म्हणून गेली. आप्पांनी आपल्या बाजूचे अंगण खणून पाईप बदलला. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी त्यांची हातघाई झाली. खणताना त्यांनी मला भिंतीवरून विचारले होते, "तुझ्याकडचा जोड बगितलास की?"

"बघितला," मी म्हणालो.

त्यांनी एकदाही माझी फरशी उचलून पाहिली नाही.

आप्पांच्या पत्नी महादेवीवहिनी कोपऱ्यावरच्या हापशावरून पाणी आणू लागल्या. एकदा घागरीसकट पडल्या, तेव्हापासून कमरेत वाकल्या त्या वाकल्याच. मग मी मोठ्या मनाने सांगितले — आमच्या नळावर भरा, वहिनी. त्या माझ्या अंगणात, त्याच फरशीवर घागर टेकवायच्या. म्हणायच्या, "तुमी हाय म्हणून जगतोय बगा, दत्तूभावजी." हे ऐकून मी घरात जाऊन जेवलो आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात आप्पांनी घर विकले आणि वळसंगला गेले. टेम्पोत बसण्याआधी त्यांनी मला मिठी मारली. मी रडलो. ते रडणे खरे होते — आणि त्याचा काही उपयोग नाही.

इथपर्यंतचे कदाचित कुणी माफ करील. पुढचे करू नये.

नव्या मालकाने प्लंबर आणला. त्याने माझी फरशी उचलली, जोड उघडला आणि चकती बोटावर फिरवत मोठ्याने हसला — "कुणाची ही अक्कल म्हनायची?" गल्ली गोळा झाली. मला काही बोलायची गरजसुद्धा नव्हती. ज्याने तक्रारी लिहिल्या त्याचा संशय कोण घेणार? पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला वाटले — आत्ता पकडला जाणार. मी म्हणालो, "आप्पांनीच बसवली असेल, जोड त्यांच्याच फाट्याचा. त्यांचे पहिले पाईप जोर सोसत नव्हते. मागाहून विसरले असतील."

गल्ली खदखदून हसली. "सोताच बूच घातलं आन दोन उन्हाळं समद्यास्नी शिव्या!" चावीवाला तर पोट धरून खाली बसला. आजही कुणाचे काम स्वतःच्याच हाताने बिघडले, की लोक म्हणतात — आप्पाचा नळ झाला.

ही म्हण वळसंगलाही पोचलीच. आप्पांचा फोन आला.

"दत्तू, लोकं म्हणत्यात मीच घातलं म्हणून. तू हुतास की तितं. तू सांगितला असशील की, आप्पा असला न्हाय म्हणून?"

"व्हय. सांगितलं."

"मग बास. बाकीचे काय का म्हणंनात."

सबब, गल्लीतील समस्त रहिवाशांस कळविण्यात येते की, सदर चकती श्रीशैलआप्पांनी बसवलेली नाही. ती मी बसवली, जाणूनबुजून, आणि नाव त्यांचे घेतले. हा मजकूर कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवावा, चावीवाला हजर असताना वाचावा, आणि ती म्हण यापुढे माझ्या नावाने वापरावी. तसे केल्याचे उत्तर वळसंगला आप्पांना पाठवावे. मला पाठवू नये.