मी न पाठवलेला मेसेज

माझं तिसगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटार उघडायची, तांब्याची तार नव्यानं भरायची, टेस्टर लावायचा. दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. जे टेस्टरवर येत नाही त्यावर माझा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे असले अनुभव मी वाचायचो ते जेवल्यावर करमणूक म्हणून... आज माझाच लिहितोय. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

माझी बायको लता सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मुलगी पूजा नगरला नर्सिंग करते, हॉस्टेलवर राहते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि मला ताट घेऊन टीव्हीसमोर बसलेलं पाहिलं. टीव्हीवर बातम्या, माझं लक्ष भिंतीकडे.

"पप्पा, रोज असंच जेवता?"

"मंग कसं जेवू? कुनीतरी बोलत असलं म्हंजे घास उतरतो."

दुसऱ्या दिवशी ती माझा मोबाईल घेऊन बसली. जोडीदार शोधायचं एक ॲप टाकलं, त्यात सगळे फोटो धुरकट. स्पष्ट बघायचे तर पैसे भरा. दुसऱ्यात पुण्यातल्या पूजाच्या वयाच्या मुली... मी लाजून फोनच पालथा घातला. तिसरं अगदी साधं आणि पूर्ण फुकट. लिहून पाठवा नाहीतर बोलून पाठवा, बस्स.

"हेच ठेवा," पूजा म्हणाली. "पन खरं लिहायचं हां पप्पा. वय पन खरं."

खरं लिहिलं. पंधरा दिवसांनी सुनंदाबाईंचा मेसेज आला. वय त्रेचाळीस, राहुरी, रोपांची नर्सरी. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच सोडून गेलेला. आमचं बोलणं म्हणजे काय, तर मी विचारायचो टोमॅटोची रोपं कशी आहेत, त्या विचारायच्या आज किती मोटारी झाल्या. पण दुकान बंद करताना फोन बघायची सवय लागली. घरी जायला पाय उचलायला लागले.

दोन-अडीच महिन्यांनी त्यांनी लिहिलं — 'तुमच्या मनात नेमकं काय आहे ते एकदा बोलून पाठवा. लिहिलेल्यावर माझा भरवसा नाही.'

मी पाच-सहा वेळा बटण दाबलं. दर वेळी रद्द केलं. लता असतानाही मला असलं बोलता यायचं नाही, आणि आता तर वाटायचं, ती ऐकतेय.

त्यातच मंगळवारी मोटार उतरवताना फोन खाली पडला आणि डिस्प्ले गेला. समोरच्या शकीलभाईंकडे दुरुस्तीला दिला. त्यांनी माझ्यासमोर उघडला, बॅटरी काढून वेगळी ठेवली. डिस्प्ले नगरहून यायचा होता.

बुधवारी सकाळी मी एका शेतावर बोअरची मोटार काढायला गेलो. वर ओढायला ट्रॅक्टर यायचा होता, आसपास माणूस नव्हतं. बाभळीखाली बसलो आणि सुनंदाबाईंना सांगायचं ते मोठ्यानं म्हणून बघितलं, पाठांतर करतात तसं. "मला एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय. तुमी समोर बसावं... येवढंच." म्हटलं आणि आपलं आपल्यालाच कसंतरी झालं. तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

गुरुवारी संध्याकाळी फोन हातात आला. उघडला तर त्यांचा मेसेज — 'तुम्ही बोलून पाठवलंत त्यात तुमच्या बायकोचा आवाज आहे. ती गेली म्हणून सांगितलंत. मी एकदा फसलेय, आता पुरे. परत मेसेज करू नका.'

मला काहीच कळेना. माझ्या फोनमध्ये मी पाठवलेलं काहीच नव्हतं. मी लिहिलं, त्याला उत्तर नाही. मग पूजाला फोन केला, शुक्रवारी नगरला जाऊन तिला घेतलं आणि दोघं राहुरीला गेलो. कालव्याच्या कडेची नर्सरी विचारत विचारत सापडली.

सुनंदाबाई रोपांना पाणी देत होत्या. आम्हाला बघून पाइप हातातच राहिला, पाणी त्यांच्या पायावर पडत होतं.

"ही माझी मुलगी," मी म्हणालो. "तिला विचारा तिची आई हाय का न्हाई."

त्यांनी पूजाकडे पाहिलं, मग फोन काढून मेसेज लावला. बुधवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

माझा आवाज होता. "मला एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय..." बाभळीखालचे तेच शब्द. आणि मग अगदी जवळून एका बाईचा आवाज, हसू दाबलेला —

"अवो, धड बोला की! तिला कसं कळंल असं?"

पूजा मटकन खाली बसली. "आई," एवढंच म्हणाली आणि ओढणी तोंडात धरून रडायला लागली.

सहा वर्षं मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करत होतो. चेहरा आठवायचा, आवाज येत नव्हता. मी म्हणालो, परत लावा. त्यांनी लावला. परत. तिसऱ्यांदा मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी फोन हळूच मागे घेतला.

"तुमचा आवाज ऐकायला मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आता इथं तिचा ऐकायला थांबलात."

खरंच होतं ते.

मग त्यांनीच पूजाला उठवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. पूजानं तो मेसेज आपल्या फोनवर रेकॉर्ड करून घेतला. त्यात फक्त मी बोलतोय, पुढे नुसती शांतता. माझ्या फोनवर केला, तसंच. लता फक्त सुनंदाबाईंच्या फोनमध्ये बोलते. शकीलभाई शपथ घेऊन सांगतात की बुधवारी बॅटरी फोनला लावलेलीच नव्हती. मी तेव्हा शेतावर होतो आणि फोन त्यांच्या दुकानात.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी राहुरीला जातो. पहिल्या दोन-तीन वेळा चहा झाला की त्या फोन पुढे करायच्या आणि स्वतः रोपांकडे निघून जायच्या. मी ऐकायचो. कुणासाठी येतो, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मागच्या रविवारी त्यांनी जेवायला थांबवलं. शेपूची भाजी, भाकरी. समोर बसून त्या कुठलं बी उगवलं नाही ते सांगत होत्या, मी मधेच काहीतरी बोललो आणि त्या खूप हसल्या. साडेचारच्या गाडीनं निघालो.

नगर जवळ आल्यावर लक्षात आलं, आज मी लताचा आवाज ऐकलाच नाही. मागितलाही नाही. छातीत असं काही तुटलं की वाटलं, इथंच उतरावं आणि परत जावं. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं, उतरायचंय का?"

"न्हाई," मी म्हणालो, आणि खिडकीकडे तोंड केलं.

तो मेसेज कसा गेला, कुणी पाठवला, मला अजून माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.