दोन फेजांवरची गिरणी

विजेच्या तीन फेजांपैकी एक गेली, की आमच्या दुसरबीडच्या गिरणीची मोटर नुसती गुरगुरायची, फिरायची नाही. मग गिरणीवाला पट्टा ओढून तिला फिरवून द्यायचा, पोराचा ताप बघावा तसा तिच्यावर पालथा हात ठेवायचा आणि मूठमूठ ज्वारी सोडायचा. अशा दिवशी प्रत्येकाला फक्त रात्रीपुरतं पीठ मिळे.

एकदा पाटील अख्खं पोतं घेऊन आले.

"तुमचंबी भाकरीपुरतंच, पाटील. आज तिच्यात जोर नाही," म्हणत त्यानं त्यांना रांगेत बसवलं.

सगळ्यांचं दळून होईतो मोटर तापली. त्यानं गिरणी बंद केली. त्याच्या घरचा ज्वारीचा डबा तसाच राहिला.

"अन् तुमच्या भाकरी?" मी विचारलं.

"गिरणीचा आवाज बसला, की बायको खिचडी टाकते," तो खुशीत म्हणाला.