पोर्ट अकरा आणि बारा

“नेटवर्क ऑपरेटरमुळं बंद पडतंय, एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. पुढचं मी बघतो,” डॉक्टर म्हणाले.

पुढचं म्हणजे शबानाची नोकरी. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती कॉम्प्युटर ऑपरेटर होती, रिपोर्ट छापायची. आठवड्याला एक सुट्टी मिळावी म्हणून तिनं लेखी अर्ज दिला होता. तेव्हापासून ती त्यांच्या डोळ्यांत सलत होती. २००५ च्या सुमाराची गोष्ट. नेटवर्कची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होतो.

“मी असलो की चालतंय. बाहेर गेलो की बंद. परत आलो की चालू! ह्याला काय म्हणायचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी वायरला हात बी लावलेला न्हाई, सर,” शबाना म्हणाली.

सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथं येतात तो डबा म्हणजे स्विच. वायर जिथं खोचतात तो पोर्ट. काय घडलं ते स्विच स्वतः लिहून ठेवतो, तो लॉग. मी लॅपटॉप जोडून लॉग उघडला. जेमतेम आठ ओळी. सगळ्या स्विच नुकताच सुरू झाल्याच्या.

“हा मघाशी बंद केला होता?”

“व्हय. नेट गेलं की सर फोनवर सांगतात, बंद करून चालू कर. दर वेळी करते की. सर आले की परत एकदा.”

हा लॉग मेमरीत असतो. वीज तोडली की पुसला जातो. हुकूम पाळून ही बाई स्वतःचाच साक्षीदार पुसत होती.

“पुढच्या वेळी बटणाला हात लावू नका. आधी मला फोन करा.”

“आन् सर वरडले तर?”

“माझं नाव सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता शबानाचा फोन आला. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. मी पोचलो तेव्हा स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: एकाच कॉम्प्युटरचा पत्ता घडीत पोर्ट अकरावर, घडीत बारावर. म्हणजे कुठंतरी वायरीचा फेरा झाला होता. तेच निरोप गरगर फिरत होते आणि बाकीच्यांना वाट उरली नव्हती. शबानाचा कॉम्प्युटर पोर्ट तीनवर. त्याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

अकरा आणि बाराच्या वायरी डॉक्टरांच्या केबिनमधल्या दोन सॉकेटमध्ये निघाल्या. डॉक्टर टापटिपीचे. बाहेर जाताना लॅपटॉप नेत, आणि वायरचं मोकळं टोक पायात येऊ नये म्हणून भिंतीतल्या शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचून ठेवत. एकाच वायरची दोन्ही टोकं भिंतीत, हाच तो फेरा. परत आले की काढत.

असा फेरा थांबवायची सोय स्विचमध्ये असते. तपासली, तर ती बंद. बसवताना आमच्याच कंपनीनं बंद ठेवली होती.

मी पत्रात दोन्ही लिहिलं. आमचे बॉस भडकले. “क्लायंटचं लिहिलंस ते ठीक. आपलं कशाला?”

“शबानाची चूक निघाली असती तर लिहिलीच असती की आपण, साहेब.”

त्यांनी सही केली आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. “मग वायर खाली लोंबू दे म्हणता?”

“लोंबू दे.”

शबानाची नोकरी टिकली. सुट्टीचा अर्ज तसाच पडून राहिला.

नव्या मुलांना मी एवढंच सांगतो: स्विच बंद करण्याआधी लॉग वाचा. त्यात पोर्टचा नंबर असतो आणि वेळ असते. माणसाचं नाव नसतं. ते आपण घालतो, आणि बहुतेक वेळा लॉग न वाचताच.