गेरूचे पट्टे

बसा, चहा उकळतोय. तोवर माझ्या आंब्याच्या पाच झाडांची मीच कशी वाट लावली ते ऐका. आता सांगायला लाज वाटत नाही, कारण सगळ्या तालुक्याला आधीच ठाऊक आहे!

नव्वदीच्या दशकाची अखेर असेल. कळंबला माझं शेतीअवजारांचं दुकान. कोयते, कात्र्या, करवती विकायला माझा मीच शिकलो. पण त्या चालवाव्या कशा, ते शिकवलं नाना मास्तरांनी. शाळेतून रिटायर झाल्यावर हा माणूस आंबेगाव-जुन्नर पालथं घालत हिंडायचा. कुणी झाडावर कुऱ्हाड उगारलेली दिसली की एसटी थांबवून भांडायला उतरायचा.

"आरं, खाटीक हायेस का तू? उन्हाला आत जायला वाट दे, बास!"

त्यांची छाटणीची पद्धत ठरलेली. आंबे उतरले की झाडाभोवती फिरायचं, जी फांदी काढायची तिच्यावर गेरूचा पट्टा ओढायचा. मागून करवतवाल्यांची टोळी येऊन तेवढीच कापणार.

आणि दरसाल हे पट्टे ओढायला नाना जायचे कुणाकडं? किसनकडं! माझ्या बांधाला बांध लागलेला किसन. जीपगाडी भरून शेतकरी आणायचे आणि सांगायचे, "बघा, झाड असं पायजे." माझ्या दारावरून जायचे, राव! मान वळवायची नाही. करवती माझ्या दुकानातल्या, कौतुक किसनचं! एकच इच्छा होती: एकदा तरी ती जीप आधी माझ्या दारात थांबावी.

त्या साली मी न राहवून विचारलंच, "नाना, आमच्या झाडांचं काय?"

"तुझी झाडं चांगली हायेत. यंदा हात लावू नको."

चांगली हायेत! म्हणजे लाडक्याला न्हाऊ-माखू घालायचं आणि सावत्राला सांगायचं, तू स्वच्छच आहेस!

मग काय, मी गेरू कालवला. किसनच्या झाडाला चार पट्टे, तर माझ्या झाडाला दहा. तेही जाडजूड फांद्यांवर, रस्त्यावरून दिसावेत म्हणून. कापायचं होतं कुणाला? नुसतं दिसायला हवं होतं! बायकोनं विचारलं तर किसनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नानांनी ओढले. स्वतः आले व्हते!"

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो भरून बेल्ह्याच्या बाजाराला गेलो. इकडं टोळी आली किसनकडं. आमच्या मंडळींनी बांधावरून हाक मारली, "ओ पावणं, आमची बी राह्यलीत की! नानांनी पट्टे ओढल्यात." वर चहा पाजला हो त्यांना!

परत आलो तर अंगणातून थेट किसनचं घर दिसत होतं. आधी कधी दिसलं नव्हतं! जावळ काढलेल्या पोरांसारखे पाच आंबे उभे.

"आगं, ह्ये काय केलं?"

"तुमीच म्हनला ना, नानांनी…"

"शेट," टोळीचा मुकादम खुशीत म्हणाला, "एक बी पट्टा सोडला न्हाई!"

तेवढ्यात किसन नानांना घेऊन धावत आला. मुकादम पुढं झाला. "नाना, तुमच्या खुणेपरमानंच कापलं बगा."

नानांनी एकेका झाडाकडं बघितलं. मग माझ्या चपलांकडं. चपलांवर गेरूचे थेंब! भुई दुभंगायला हवी होती, पण भुईसुद्धा नानांच्या बाजूची.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "किसन, हितनं पुढं पावणं आले की आधी हिकडं आणायचे."

आणि खरंच, पुढच्या सालापासून जीप आधी माझ्या दारात! नाना खाली उतरायचे आणि सांगायचे, "बघा, झाड असं कधी करू नका. आता किसनकडं चला."

नाना आता नाहीत. त्यांचं काम किसन चालवतो. माझी झाडं पुन्हा डवरली, किसनच्यापेक्षा दाट! तरी तो अजून पाहुण्यांना आधी माझ्याच दारात उभं करतो.

झाडं दाखवायला नाही हो. मला दाखवायला!